टाकीपर्यंतची पावलं

"दाजी, आज कोन भरलं?"

दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं असायचं, मी वाकून आत शिरत असायचो, आणि मागून हा प्रश्न यायचा. रामराम नाही, बरंय का नाही, थेट कोण भरलं. मी सांगायचो, "शाळेमागचे गुरुजी भरले. आणि टोकावड्याचा ढाबेवाला दोनदा फोन करून बसलाय, तो तर उतू चाललाय." यावर तो गंभीरपणे मान हलवायचा. "गुरुजी आज. ढाब्याला म्हनावं, उद्यापत्तुर कळ काढ." दुकानात नवखं गिऱ्हाईक असलं की आमच्या तोंडाकडे बघत राहायचं.

तुम्ही ओळखलंच असेल. तो संडासाच्या टाक्या उपसायचा. ट्रॅक्टरमागे निळी टाकी, तिच्यावर पंप, आणि अजगरासारखा गुंडाळलेला जाडजूड पाइप. शहापूर-मुरबाडच्या त्या सगळ्या पट्ट्यात तेव्हा असा तो एकटाच होता.

आणि त्याची गरज केवढी होती, काय सांगू तुम्हाला! किन्हवलीत माझं हार्डवेअरचं दुकान. नव्वदीनंतर आमच्याकडे कौलं उतरली आणि स्लॅब चढले. स्लॅब आला की संडास आला, संडास आला की टाकी आली. भांडी, पाइप, सिमेंट, सगळं मीच विकत होतो आणि खूश होतो. पण टाकी कधीतरी भरते, हे ना घेणाऱ्याला ठाऊक होतं ना विकणाऱ्याला. एकदा खेड्यावरचा एक शेतकरी संडासाचं भांडं उपटून, पोत्यात घालून, एस.टी.तून माझ्या दुकानात घेऊन आला. म्हणाला, यातून पाणी खाली जात नाय, माल खराब हाय, बदलून द्या. ते भांडं तीन वर्षं वापरलेलं होतं! त्या एस.टी.तल्या लोकांचा मी आजही विचार करतो.

तेव्हा मी याचा शोध काढला. शेणव्याकडे असा एक ट्रॅक्टर फिरतो असं कुणीतरी सांगितलं होतं. निरोप धाडला, तो आला, भांडेवाल्याची टाकी उपसून दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाशी हजर. त्याच्याकडे फोन नव्हता, माझ्याकडे होता. माझं दुकान त्याचं ऑफिस कधी झालं ते मला कळलंही नाही.

त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याच्या गावात पुष्कळांना वाटायचं की हा पाण्याचा टँकर चालवतो. उन्हाळ्यात आमच्या तालुक्यात टँकर काही नवलाचे नसतात. त्यानं लोकांना तसं वाटू दिलं होतं, मग मी कशाला मोडू? माझ्या बायकोचं माहेर त्याच्या शेजारच्या गावचं, म्हणून ती त्याला दादा म्हणायची आणि मी आपोआप दाजी झालो. माझी मुलगी त्याला मामा म्हणायची. आम्हीही त्याला मामाच म्हणू या.

दिसायला अगदी एवढासा माणूस. माझ्या खांद्याला लागायचा नाही. मी ताडमाड उंच, आम्ही रस्त्यानं बरोबर निघालो की बायको दारात उभी राहून हसायची. अंगात पांढराशुभ्र इस्त्रीचा सदरा. कामाला लागताना तो काढून ट्रॅक्टरच्या सीटमागे ठेवायचा, जुनेर चढवायचा, आणि काम संपलं की अंगाला साबण लावून लावून कातडी सोलवटेपर्यंत धुवायचा आणि पुन्हा पांढरा सदरा. स्वतःचा स्टीलचा पेला ट्रॅक्टरच्या आरशाला टांगलेला. कुणाच्या घरचा कप त्यानं घेतला नाही. बायको चिडायची, "दादा, आमचे कप काय उष्टे आहेत का?" तो हसून पेला पुढं करायचा.

आता त्याच्या कामाची तऱ्हा ऐका. घरमालक घाबराघुबरा होऊन सांगायला लागायचा, परवापासून असं होतंय, काल तसं झालं. मामा हात वर करायचा. "आदी टाकीला बोलू द्या, मंग आपुन बोलू." आणि अंगणात फिरत टाच आपटायचा. जमीन मुकी असते, आपटली तरी गप्प. टाकीवर टाच पडली की आवाज. भरलेली टाकी ढब्ब बोलते, रिकामी ठण्ण बोलते. मी हे शंभरदा ऐकलंय आणि शंभरही वेळा मला गंमत वाटलीय.

झाकण उघडलं की तासभर कुणी जवळ जायचं नाही. विडी नाही, काडी नाही. मग पंप सुरू. पाइप एकदम ताठ व्हायचा, आचका द्यायचा, काचेच्या बारक्या खिडकीतून आतला प्रवाह दिसायचा, आणि मामा पंपाच्या काट्यावर डोळा ठेवून उभा. एवढी लगबग, एवढा घरघराट, सगळा शेजार खिडकीत! गाळ नेऊन तो एका माळावरच्या खड्ड्यात चुना टाकून पुरायचा. ओढ्यात सोडा म्हणणाऱ्या एका शेठला त्यानं अर्ध्या कामातून पाइप काढून दाखवला होता.

पण त्याची खरी खूण म्हणजे रेघा. काम झालं की तो त्या घराच्या दर्शनी दाराशी जायचा, उंबऱ्यापासून टाकीच्या झाकणापर्यंत पावलं मोजायचा, आणि गेरूनं दाराशेजारच्या भिंतीवर तेवढ्या रेघा ओढायचा. सरळ पावलांच्या उभ्या रेघा, वळल्यानंतरच्या आडव्या. शाळा दुसरीतच सुटलेली, पण या रेघा काय देखण्या काढायचा! कारणही पक्कं होतं. लोकांना टाकीची लाज वाटते. टाकी बांधून झाली की तिच्यावर माती टाकतात, फरशी घालतात, झेंडू लावतात, आणि चार वर्षांनी ती कुठं आहे हे घरातल्या कुणालाच आठवत नाही. मी म्हटलं, कागदावर लिहून देत जा. म्हणाला, "कागद हरवतो दाजी. भिंत कुठं जाते?"

आमच्या दाराशी अकरा उभ्या आणि चार आडव्या. घरामागं विहीर, म्हणून टाकी पुढच्या अंगणात. बायकोला त्या रेघा मुळीच आवडत नव्हत्या. आल्यागेल्याला काय सांगायचं, हा हिशेब कसला? मी सांगायचो, देवाचं काहीतरी आहे.

मग मुलीचं लग्न ठरलं. आणि मी म्हणजे आधीच उतावळा माणूस, त्यात एकुलती एक पोर! अंगणभर शहाबादी फरशी घातली, सिमेंटनं दरजा भरल्या. घराला रंग द्यायला घेतला. रंगाऱ्यानं विचारलं, या रेघांचं काय? मी म्हटलं, मार ब्रश, मला पाठ आहेत. अकरा आणि चार. त्यात विसरायचं काय?

लग्नाआधी चार दिवस मांडवाची मेढ रोवायची होती. उंबराची फांदी आली, लग्नाचे धवले गाणारी आजी आली, गावातली जाणती मंडळी जमली. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, थांबा, आधी टाकी कुठं आहे ते बघू दे, तिच्यापासून लांब रोवू. उंबऱ्यात उभा राहिलो, अकरा पावलं टाकली, डावीकडे वळून चार टाकली, आणि पार फाटकाजवळ पोहोचलो. म्हटलं, टाकी इथं. मेढ तिकडे अलीकडे घ्या. एक फरशी उचलली, पहार मारली, हातभरावर खणकन लागलं. आमच्याकडे जरा उकरलं की कातळ लागतोच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मेढ डगडगायला लागली तशी मी दुकानातून सिमेंटची गोणी आणली आणि स्वतःच्या हातानं ती पक्की बसवली. सगळे म्हणाले, हार्डवेअरवाल्याची मेढ आहे बाबा!

हळदीच्या दिवशी सकाळी घरात साठ-सत्तर पाहुणे आणि संडासातून पाणी वर.

अकरा वाजता हळद, दुपारी नवऱ्याकडची माणसं यायची, दुसऱ्या दिवशी लग्न. बायका पदर नाकाला लावून उभ्या. बायको माझ्याकडे नुसती बघत होती. मुलगी आतल्या खोलीत रडत होती, म्हणत होती, बाबा, सासरची माणसं आता काय म्हणतील? मी मोटरसायकलवर सुटलो, मामाला गुरुजींच्या गल्लीत गाठला, अर्ध्या तासात ट्रॅक्टर दारात.

मामा उतरला आणि सवयीनं पहिल्यांदा भिंतीकडे गेला. पांढरी स्वच्छ भिंत. हात भिंतीवर तसाच ठेवून उभा राहिला.

"माज्या रेघा?"

"रंग दिला. पण पाठ आहेत मला, अकरा आणि चार. मी परवाच मोजून ठेवलंय."

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायांकडे.

"अकरा पावलं माजी होती, दाजी."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. हात पाठीमागे, मान खाली, आणि निघाला. त्याची ती बारकी, एकसारखी पावलं. अकरा. डावीकडे वळला. चार. आणि नाक उंबराच्या मेढीला लागलं.

त्यानं टाच आपटली. ढब्ब.

मी, हार्डवेअरच्या दुकानदारानं, माझ्या मुलीच्या लग्नाची मेढ माझ्याच टाकीच्या झाकणावर सिमेंट ओतून बसवली होती. धवले गाणारी आजी लगेच म्हणाली की मांडव परतेपर्यंत मेढीला हात लागता कामा नये, ती हलली तर अपशकुन. कुणी वाद घातला नाही, मीही नाही. मामानं मेढीला नमस्कार केला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मंग दुसरं तोंड शोधू."

टाकीला तोंडं दोन असतात. एकात गाळ बसतो, दुसऱ्यात पाणी जातं. पाणी उपसलं तर तीन दिवसांची निभावणी होईल, गाळ मागाहून. मामा मांडवभर टाच आपटत फिरला, खुर्च्यांमधून, भाजीच्या पाट्यांमधून, आणि थांबला कुठं, तर नवरीच्या हळदीसाठी चौक घालून पाट मांडला होता तिथंच. पुन्हा आजीकडे बघणं आलं. आजीनं क्षणभर डोळे मिटले आणि पाट ओट्यावर न्यायला सांगितला. जोखीम टळली.

फरशी निघाली, झाकण निघालं. मामानं चुली विझवायला लावल्या, सगळ्यांना मागे हटवलं आणि तासभर वाट बघायला लावली. वाजंत्री वाजंत्रं मांडीवर घेऊन बसले. मग पंप लागला. पाइप ताठ झाला, आचका दिला, आणि थांबला. काचेत काही नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साडेदहा वाजले.

तेव्हा माझा सख्खा मेहुणा पुढं आला. अंगापिंडानं दणकट, कंपनीत नोकरीला, भाचीवर जीव. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वळवली, शिडी आणायला सांगितली. म्हणाला, काहीतरी अडकलंय, दोन मिनिटांत उतरून काढतो. आणि खरं सांगतो, मी त्याला अडवलं नाही. मला त्या वेळी फक्त घड्याळातले अकरा दिसत होते.

मामा त्या उघड्या तोंडासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. एवढासा माणूस. आवाज चढवला नाही.

"आत माणूस जानार नाय."

मेहुणा म्हणाला, अहो दोन मिनिटं.

"आतल्या ग्यासला दोन मिन्टं लागतच नायत. दाजी, लगीन फुडं ढकला. पन आत माणूस जानार नाय."

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं, आणि बायको ओट्यावरून म्हणाली, "दादा सांगतो तसं करा." शिडी परत गेली.

मामानं सगळा पाइप हातानं मागे ओढून काढला, त्याच्या तोंडात आकडा घालून घालून शेवटी एक बोळा बाहेर खेचला. रंगाऱ्याची फडकी! हात पुसून पुसून पठ्ठ्यानं संडासात टाकली होती. रेघाही त्यानंच पुसल्या आणि टाकीही त्यानंच तुंबवली, आणि त्याला कामाला लावणारा मीच. पाइप पुन्हा आत गेला, आचका आला, आणि काच भरून वाहायला लागली. घरातल्या संडासातून असा काही गडगडाट झाला की वाजंत्र्यांना वाटलं कुणीतरी इशारा केला, आणि त्यांनी सनई-ताशा सुरूच केला! माणसं हसली, बायका हसल्या, आजी हसली. मी मेढीला धरून रडलो. लाज कसली त्यात.

हळद साडेअकराला लागली. मामा विहिरीपाशी खरखरून धुऊन, पांढरा सदरा घालून, मागच्या मागे निघाला होता. बायको हळदीची वाटी घेऊन आडवी गेली.

"दादा, आधी रेघा काढा."

"आता? नव्या रंगावर? पावनी बसल्यात, बाय."

"पाहुण्यांच्या समोरच काढा."

त्यानं बोट हळदीत बुडवलं. अकरा उभ्या, चार आडव्या. सगळे पाहुणे बघत होते. कुणीतरी विचारलं हे काय, आणि जी बायको इतकी वर्षं त्या रेघांवरून चडफडत होती ती ताठ मानेनं म्हणाली, "आमच्या टाकीचा पत्ता."

तेवढ्यात मुलगी बाहेर आली, पिवळीधमक. तिनं दोन्ही हातांनी मामाच्या गालांना हळद फासली. तो खिळल्यासारखा उभा. "वास यील गो तुला," म्हणाला. ती म्हणाली, "येऊ दे, मामा." इतक्या वर्षांत या माणसाला आमच्या घरातलं कुणी हात लावलेलं मी पाहिलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा लावला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.

लग्नाला तो आला आणि फाटकाबाहेर ट्रॅक्टरला टेकून उभा राहिला. आत बोलवायला मी निघालो, पण माझ्याआधी मेहुणा पोहोचला होता. त्यानं मामाचा हात धरला, पंगतीत आणून शेजारी बसवला आणि स्वतः वाढून दिलं. पाणी प्यायला मामा पेला आणायला उठत होता, मेहुण्यानं त्याला उठू दिलं नाही.

मांडव परतल्यावर तो गाळ काढायला आला. घर रिकामं, पोर सासरी गेलेली, मी ओट्यावर बसलेला. मेढीभोवतीचं सिमेंट त्यानं छिन्नीनं हलक्या हातानं फोडलं. मग माझ्याशेजारी येऊन बसला आणि पहिल्यांदाच बायकोच्या हातचा कप घेतला. त्या दिवशी त्यानं सांगितलं. धाकटा भाऊ, कल्याणकडे एका सोसायटीच्या टाकीत बादली काढायला उतरला. दोन मिनिटांत येतो म्हणाला होता. एवढंच सांगून तो उठला.

पुढे सात-आठ वर्षं "आज कोन भरलं" चालूच होतं. मोबाइल आले तरी तो दुकानावरच यायचा. एका सकाळी शटर उघडलं आणि मागे आवाज नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या गावचा एक माणूस खिळे घ्यायला आला आणि म्हणाला, आमच्याकडचा पाण्याचा टँकरवाला गेला हो, झोपेतच. मी खिळे मोजत राहिलो, दोनदा चुकलो. दहाव्याला आम्ही नवराबायको जाऊन आलो. तिथंही मी पाण्याचा टँकर म्हणूनच बोललो.

आता मुरबाडहून मोठ्या गाड्या येतात. मधे अंगणात पाणी साचायला लागलं म्हणून मी मुरूम टाकून सगळीकडे ब्लॉक बसवले, म्हणजे पुन्हा तीच चूक. पण या वेळी भिंतीला ब्रश लागू दिला नाही. हळद उन्हानं उडते, म्हणून दर दिवाळीला बायको त्याच रेघांवरून बोट फिरवते. गेल्या खेपेला टाकी भरली तेव्हा नवी गाडी बोलावली. ड्रायव्हर तरुण, घाईत. विचारलं, काका, टाकी कुठाय? मी भिंत दाखवली. त्यानं रेघा मोजल्या, अकरा पावलं टाकली, चार टाकली, आणि थेट फाटकात गेला. म्हणाला, इथं तर काहीच नाय.

मी चपला काढल्या. उंबऱ्यात उभा राहिलो, हात पाठीमागे घेतले, मान खाली घातली. एवढा मोठा देह, वय झालेलं, गुडघे कुरकुरतायत. दारातून बायको म्हणाली, "लहान टाका हो. दादासारखी." मी टाकली. बारकी, एकसारखी. ड्रायव्हर हसत होता, हसू दे. अकरा झाली. डावीकडे वळलो. चार.

टाच आपटली. ढब्ब.

ड्रायव्हरनं हसू आवरलं आणि पहार घेऊन धावत आला. मी त्याला म्हटलं, थांब जरा. आणि पुन्हा एकदा टाच आपटली. तशी गरज नव्हती.